सीमेपलीकडचा हिशेब

हिशेब जुळला म्हणजे व्यवहार शुद्ध झाला, अशी आपल्या नोकरदार वर्गाची एक अबोल श्रद्धा असते. ज्यांचे दिवस जमा आणि खर्च या दोन रकान्यांत जातात, त्यांच्या ठायी ती रुजावी यात नवल नाही. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, तपासनिसाची लाल खूण कोठे उमटली नाही, की कागद बासनात जातो आणि त्याच्याबरोबर मनही निश्चिंत होते. परंतु जुळलेला हिशेब न्याय्यही असतोच काय? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. तथापि त्याची फोड करताना प्रस्तुत लेखकाला सर्वाधिक साहाय्य झाले ते एका अगदी निराळ्या शास्त्राचे. पदवीच्या परीक्षेत रसायनशास्त्राचे विद्यार्थी ज्याला वचकून असतात, त्या ऊष्मागतिकीचे. समीकरणांचे नाव काढताच वाचकांनी पान उलटू नये. ती समीकरणे म्हणजे मुळात जमाखर्चाची सूत्रेच आहेत, आणि जमाखर्च हा तर आपला नित्याचा विषय.

ऊष्मागतिकीची पहिली कृती म्हणजे एक रेघ ओढणे. शास्त्रज्ञ विचारासाठी विश्वाचा एक तुकडा बाजूला काढतो, त्याला प्रणाली म्हणतो. उरलेले सारे विश्व हा तिचा परिसर, आणि दोहोंमधील रेघ ही सीमा. रायपूरच्या जुन्या वस्तीतील गोल बाजार हे याचे चांगले उदाहरण आहे. नावातच वर्तुळ असल्याने सीमा जणू आयतीच आखून मिळते. पण या वर्तुळात सकाळी खेड्यापाड्यांतून माल येतो, माणसे येतात, वीज येते. संध्याकाळी गाठोडी, पैसा, कचरा आणि उष्णता बाहेर जाते. द्रव्य आणि ऊर्जा दोन्ही जिची सीमा ओलांडतात ती उघडी प्रणाली. झाकण घट्ट बसवलेल्या भांड्यात उष्णता शिरते, द्रव्य शिरत नाही, म्हणून ती बंद प्रणाली. ज्यात काहीच शिरत वा निघत नाही ती विलग प्रणाली. उत्तम थर्मासदेखील काही तासच तिची नक्कल करू शकतो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की सीमा निसर्गाने आखून दिलेली नसते. विचार करणारा ती आपल्या सोयीने आखतो. येथपर्यंत कोणाचा आक्षेप नसावा. अडचण पुढे येते, जेव्हा सोयीसाठी आखलेली रेघ हळूहळू जबाबदारीची रेघ होऊन बसते.

पहिला नियम सोपा आहे. प्रणालीच्या आंतरिक ऊर्जेत पडलेला फरक म्हणजे तिला मिळालेली उष्णता अधिक तिच्यावर झालेले कार्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात ज्यूल यांनी पाणी घुसळून, पडणाऱ्या वजनांचे कार्य आणि पाण्याला चढणारी ऊब यांचे नाते मोजले, आणि ऊर्जा निर्माण होत नाही, नष्टही होत नाही, केवळ रूप पालटते, हे तत्त्व दृढ झाले. कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर विश्वाची वही नेहमीच जुळलेली असते. तिच्यात एक पैचीही तफावत कधी निघत नाही.

पण या नियमाचे मौन फार बोलके आहे. तापलेला तवा गार झाला तर वही जुळते. गार तव्याने हवेतील उष्णता शोषून आपसूक लाल व्हायचे ठरवले, तरीही वही जुळलीच असती! पहिल्या नियमाची त्याला काहीच हरकत नाही. प्रत्यक्षात मात्र दुसरी घटना कधी घडत नाही. याचा अर्थ, कोणता व्यवहार घडेल आणि कोणता घडणार नाही हे जुळलेली वही सांगू शकत नाही. व्यवहाराला दिशा असते, आणि ती बेरजेत दिसत नाही.

मग ही दिशा ठरते कशावरून? डेन्मार्कचे थॉमसेन आणि फ्रान्सचे बर्थेलो या दोन थोर रसायनज्ञांनी एक उत्तर सुचवले होते. ज्या क्रियेत उष्णता बाहेर पडते तीच आपणहून घडते, असे त्या उत्तराचे सार. दगड उतारावरून गडगडतो तसे हे वाटते, आणि पुष्कळ ठिकाणी ते लागूही पडते. परंतु बाजारातली एक पुडी त्याचे खंडन करण्यास पुरेशी आहे. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारे कारागीर जो नवसागर वापरतात, तो पेलाभर पाण्यात टाकून पाहावा. कोणी ढवळले नाही तरी तो विरघळू लागतो, आणि विरघळताना पेला हाताला गार लागतो. उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत ओढली जाते, तरीही क्रिया आपणहून घडते. सोऱ्याचेही तसेच. अकबराच्या दरबारी सोऱ्याने पाणी गार करीत, हे अबुल फजलाने आईन-ई-अकबरीत नोंदवले आहे. व्यवहार जाणणाऱ्यांना जे ठाऊक होते त्याचा उलगडा शास्त्राला पुढे करावा लागला.

तो उलगडा दुसऱ्या नियमात आहे. जर्मनीचे क्लॉसियस यांनी १८६५ साली एन्ट्रॉपी हा शब्द घडवला. पूर्णतः व्यस्तगामी रीतीने दिलेली उष्णता भागिले निरपेक्ष तापमान, ही तिच्यातील फरकाची व्याख्या. तिचा आशय पुढे बोल्ट्समान यांनी उकलून दाखवला. बाहेरून सारखीच दिसणारी स्थिती आतून किती निरनिराळ्या मांडण्यांनी साधता येते, त्याचे ते माप आहे. स्फटिकात कण रांगेने बसलेले असतात. विरघळल्यावर ते हवे तसे विखुरतात, आणि विखुरण्याच्या तऱ्हा असंख्य असतात. म्हणून नवसागर विरघळतो. दुसरा नियम सांगतो की, आपणहून घडणाऱ्या प्रत्येक क्रियेत एकूण एन्ट्रॉपी वाढते.

या वाक्यातला ‘एकूण’ हा शब्द वाचताना पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. एकूण म्हणजे प्रणालीची आणि परिसराची मिळून. प्रणालीपुरती एन्ट्रॉपी खुशाल घटू शकते. पाण्याचे बर्फ होते, विखुरलेल्या कणांचा स्फटिक होतो, बीजाचा वृक्ष होतो. नियमाची अट एकच, की सीमेच्या आत जेवढी व्यवस्था वाढली, तिच्याहून अधिक अव्यवस्था सीमेच्या बाहेर वाढली पाहिजे. बरोबरी साधते ती केवळ आदर्श, व्यस्तगामी क्रियेत. आणि ती इतकी मंद असावी लागते की तिला अनंत काळ लागेल. ज्यांना निकड असते त्यांना अधिक मोल द्यावे लागते. फुकट मिळालेली व्यवस्था या विश्वात नाही.

उन्हाळ्यात रायपूरचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा हा नियम मातीच्या माठात पाहायला मिळतो. भोवती आग बरसत असताना माठातले पाणी गार कसे राहते? माठ झिरपतो म्हणून. पृष्ठभागावर आलेले पाणी बाष्प होऊन उडते आणि दर लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. दहा लिटर पाणी दहा अंशांनी गार करायला ४२० किलोज्यूल पुरतात. बाहेरून आत शिरणारी उष्णता सोडली तर पाव लिटरहूनही कमी पाणी खर्ची पडते. आतला गारवा त्या निघून गेलेल्या पाण्याच्या जिवावर असतो. श्रावणात मात्र तोच माठ असून नसून सारखाच. हवा बाष्पाने भरलेली असते, तिला आणखी बाष्प घेता येत नाही. माठ तोच, पाणी तेच, पण परिसराची स्वीकारण्याची शक्ती संपलेली. प्रणालीचे सौख्य परिसराच्या ग्रहणशक्तीवर किती अवलंबून असते, हे ती संपल्यावाचून आपल्या ध्यानात येत नाही.

रसायनशास्त्रज्ञाला मात्र दर वेळी सगळ्या विश्वाचा हिशेब मांडणे परवडणारे नव्हते. ही सोय करून दिली ती अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जोसायाह विलार्ड गिब्ज यांनी. १८७१ साली ते तेथे प्राध्यापक झाले आणि पहिली नऊ वर्षे त्यांना वेतन नव्हते. त्याच काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, त्यांचा विषम पदार्थांच्या समतोलावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या विचाराचे फलित असे: मुक्त ऊर्जेतील फरक म्हणजे एन्थाल्पीतील फरक उणे निरपेक्ष तापमान गुणिले एन्ट्रॉपीतील फरक. एन्थाल्पी म्हणजे आंतरिक ऊर्जा अधिक दाब व घनफळ यांचा गुणाकार. स्थिर दाबाखाली क्रियेत जी उष्णता घेतली वा दिली जाते, तो तिच्यातील फरक. तापमान आणि दाब स्थिर असताना मुक्त ऊर्जेतील फरक उणे आला तर क्रिया आपणहून घडते, अधिक आला तर उलट दिशेने घडते, शून्य आला तर समतोल. नवसागराचे आकडे घालून पाहा. एक मोल, म्हणजे साडेत्रेपन्न ग्रॅम, विरघळताना सुमारे १५ किलोज्यूल शोषले जातात. पण खोलीच्या तापमानाला एन्ट्रॉपीचे पद सुमारे २२ किलोज्यूल भरते. पंधरातून बावीस गेले, उणे सात उरले. म्हणून गारवा सोसूनही नवसागर विरघळतो.

या समीकरणात एक मौज आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा नैतिक गाभा तेथेच आहे. त्यातील तिन्ही फरक प्रणालीचे आहेत. परिसराचे नावही कोठे नाही. जणू विश्वाला विसरून, आपल्या भांड्यात काय चालले आहे तेवढे पाहावे आणि निर्णय द्यावा. परंतु किंचित खोल पाहिले म्हणजे कळते की एन्थाल्पीचे पद हाच परिसराचा हिस्सा आहे. प्रणालीने दिलेली उष्णता परिसरात जाते, तिला तापमानाने भागले की परिसराची एन्ट्रॉपी मिळते. गिब्ज यांनी परिसराला समीकरणातून वगळले नाही. त्याचे देणे घरच्याच वहीत एका पदाच्या रूपाने नोंदवून ठेवले. ज्याने ते पद गाळले त्याचे उत्तर चुकलेच. आपण आपल्या जीवनाची जी समीकरणे मांडतो त्यांत हे पद असते काय?

चुन्याचे उदाहरण घेऊ. पानाला लावायचा चुना, भिंतीला द्यायचा चुना, ही बाजारातली अगदी स्वस्त वस्तू, आणि चुनखडीची छत्तीसगढात वाण नाही. चुनखडी भाजली म्हणजे कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन पदार्थ होतात. शंभर ग्रॅम चुनखडीतून छप्पन ग्रॅम चुना, चव्वेचाळीस ग्रॅम वायू. या मोलभर क्रियेला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते आणि एन्ट्रॉपी केल्व्हिनमागे सुमारे १६० ज्यूल वाढते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की सुमारे १,११० केल्व्हिन, म्हणजे ८४० अंश सेल्सिअस येतात. प्रत्यक्षात भट्टी ९०० अंशांच्या आसपास न्यावी लागते, कारण हे दोन्ही फरक तापमानाबरोबर थोडे बदलतात. या कळीच्या चुन्यावर पाणी घातले की तो खदखदून उष्णता टाकतो आणि विरी जातो. भिंतीला लावला की वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू चुनखडी होतो. चुनखडीची पुन्हा चुनखडी झाली. चक्र पुरे झाले.

ऊष्मागतिकी येथे दोन प्रकारच्या राशी वेगळ्या करते. आंतरिक ऊर्जा, एन्थाल्पी, एन्ट्रॉपी ही अवस्थेची फलने. ती केवळ आरंभ आणि शेवट पाहतात, म्हणून पूर्ण चक्रानंतर त्यांतील फरक शून्य. उष्णता आणि कार्य मात्र वाटेवर अवलंबून असतात. चुनखडी मूळपदावर आली म्हणून भट्टीतला कोळसा मूळपदावर येत नाही. चुनखडीतून गेलेला वायू भिंतीने परत घेतला, कोळशातून गेलेला कोणी घेतला नाही. ‘शेवटी सगळे होते तसे झाले ना?’ असे म्हणून आपण जेव्हा एखाद्यावर गेलेला प्रसंग मिटवू पाहतो, तेव्हा आपण अवस्थेचा हिशेब देतो आणि वाटेचा दडवतो. निलंबित झालेला मनुष्य निर्दोष ठरून त्याच खुर्चीवर येऊन बसला, वेतनाची थकबाकीही मिळाली. अवस्थेतला फरक शून्य. मधल्या काळात त्याच्या घरात काय जळले, ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

आपल्या कचेऱ्यांतून एक दृश्य नेहमी आढळते. एखाद्याचे टेबल आरशासारखे स्वच्छ असते आणि त्याची वाखाणणी होते. क्वचित ती खरी असते. पण पुष्कळदा अवघड प्रकरणे ‘अभिप्रायार्थ’ दुसऱ्या शाखेकडे लोटून ती स्वच्छता मिळवलेली असते. एका टेबलावरची एन्ट्रॉपी घटली. दुसऱ्या टेबलावर, आणि त्याहून अधिक एखाद्या निवृत्ताच्या वा विधवेच्या घरी, ती वाढली. सीमा टेबलाच्या कडेशी आखली तर कारभार उत्तम. ती अर्जदाराच्या दारापर्यंत नेली तर उत्तर बदलते.

तीच गोष्ट आजच्या बाजाराची. दुकानात वातानुकूलन यंत्र बसवले म्हणजे एक भाग वीज खर्चून ते आतली तीन भाग उष्णता उचलते आणि चार भाग बाहेर टाकते. पहिल्या नियमाला दुसरा मार्गच नाही. त्या बाहेरच्या बोळात कोणी हातगाडी घेऊन उभा असतो. आतला गारवा ज्यांच्या हिशेबी जमा, त्यांच्याच हिशेबी बोळातली धग खर्च पडत नाही. आणि ती वीज? हसदेवकाठच्या कोरब्यात कोळसा जळतो. त्याच्या उष्णतेतील तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक तेवढी वीज होते, बाकीची तेथल्या हवेत आणि पाण्यात जाते. रायपूरच्या एका खोलीची सीमा अशी कोरब्यापर्यंत पोहोचते.

यावर विचारी वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, निसर्गात जे आहे त्यावरून माणसाने कसे वागावे हे काढता येत नाही. हे मान्य. ऊष्मागतिकी कोणाला दया शिकवत नाही, आणि अणूंना पापपुण्य नाही. हे शास्त्र फक्त एक सबब आपल्या हातून काढून घेते. ‘माझे माझ्यापुरते नीटनेटके आहे, त्यात कोणाचे काय गेले?’ ही ती सबब. काहीतरी गेलेच आहे, एवढे शास्त्र सांगते. ते कोणाचे गेले आणि त्याला ते सोसवते काय, हे विचारणे आपले काम.

दुसरा आक्षेप अधिक खिन्न आहे. एन्ट्रॉपी वाढतच जायची असेल तर सर्व प्रयत्न व्यर्थ, आणि प्रत्येक व्यवस्था ही चोरीच ठरते! हे मात्र खरे नाही. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेग सांगत नाही. नेहमीच्या हवामानात हिऱ्याची ओढ ग्रॅफाइट होण्याकडे असते, तरी पिढ्यान्‌पिढ्या हिरा हिराच राहतो. शिवाय पृथ्वी ही विलग प्रणाली नव्हे. तिला सूर्याकडून उच्च प्रतीची ऊर्जा अखंड मिळते आणि ती ऊब अवकाशात टाकता येते. छत्तीसगढाला धानाचा कटोरा म्हणतात. त्या धानाच्या प्रत्येक दाण्यात हवेतला आणि पाण्यातला विस्कळीतपणा घटून सुव्यवस्था आली आहे, आणि तिचे मोल मुख्यतः सूर्याने दिले आहे. तेव्हा व्यवस्था म्हणजे अपराध नव्हे. ओघातून भागवलेली व्यवस्था आणि शेजाऱ्याच्या साठ्यातून भागवलेली व्यवस्था यांत भेद आहे, आणि विवेक म्हणजे तो भेद ओळखणे.

हा विषय आम्हा परमुलुखी मराठी माणसांना विशेष लागू आहे. छत्तीसगढाशी आपला संबंध बदलीच्या हुकमापुरता नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून राज्य केले. १७८७ साली ते निवर्तल्यावर सुभेदारांमार्फत नागपुराहून कारभार चालू लागला, आणि हा मुलूख दूरच्या खजिन्याच्या वहीतला एक आकडा झाला. राज्यकर्ता जेथे राहतो तेथवर त्याची सीमा पोहोचते. तो दूर गेला की प्रजा परिसर होते. आपल्या नेमणुकांचेही असेच होत नाही काय? मंडळाचा गणेशोत्सव, नाटक, कोजागिरी हे सारे वर्तुळाच्या आतले, आणि ज्या गावाच्या अन्नपाण्यावर व श्रमावर ते चालते ते गाव वर्तुळाबाहेरचे.

याच भूमीत दुसरे उदाहरणही आहे. मराठी घरात जन्मलेल्या पंडित माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, आणि समर्थांचा दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. त्याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली. तिच्यातील जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि मध्ये एका विधवेची झोपडी येते. तो कायद्याच्या बळावर ती घेतो. वही जुळते. विधवा चुलीसाठी टोपलीभर माती मागते, ती भरते, आणि डोक्यावर द्यायला त्यालाच हात लावायला सांगते. टोपली त्याला उचलत नाही. एका टोपलीचे ओझे पेलवत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचे ओझे जन्मभर कसे पेलशील, असा तिचा प्रश्न असतो. जमीनदार झोपडी परत करतो. सप्रे यांनी ही कथा ऊष्मागतिकीसाठी लिहिली नाही हे उघडच आहे. पण आवार वाढवणाऱ्याला सीमेपलीकडचे वजन एकदा स्वतःच्या हाताने उचलायला लावण्याची युक्ती कोणत्याही समीकरणाहून कमी नेमकी नाही.

सीमा आखल्यावाचून आपल्याला जगता येत नाही; घर, कचेरी, मंडळ, भाषा या सगळ्या सीमाच आहेत, आणि त्या नसत्या तर कोणतेच काम नीट झाले नसते. शास्त्रज्ञही त्या आखतोच. मात्र उत्तर लिहिण्यापूर्वी तो परिसराचे पद मांडतो. सीमेबाहेर काय घडले ते मोजणे जेथे त्याला अवघड जाते तेथे तो ते अंदाजाने धरतो, पण शून्य धरत नाही. आपल्या दिवसाच्या हिशेबात एवढीच दुरुस्ती झाली, तरी तो केवळ जुळलेला न राहता खरा होण्याच्या वाटेला लागेल.